पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गचका का बसतो?

गाडी कशी चालली आहे हे चालवणाऱ्याच्या आधी मागच्या सीटवरच्या माणसाला कळतं. दर गिअरला त्याची मान हलत असेल तर गिअर नीट पडत नाहीयेत. ही मान सगळ्यात जास्त हलते ती पहिल्यातून दुसऱ्यात जाताना. तिथेच का, हे समजलं की बाकीचे गिअर बरेचसे आपोआप सुधारतात.

आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांचे गिअर रेशो, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे, साधारण असे असतात: पहिला ३.५, दुसरा १.९, तिसरा १.३, चौथा ०.९५ आणि पाचवा ०.७५. वेग तोच ठेवून गिअर बदलला की इंजिनाचे फेरे याच प्रमाणात बदलायला हवेत. पहिल्यात इंजिन २,५०० आरपीएमवर (मिनिटाला २,५०० फेरे) असेल तर दुसऱ्यात ते १,३५० च्या आसपास यायला हवं, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. चौथ्यातून पाचव्यात जाताना तेच २,५०० दोन हजारांच्या जरासं खाली आले की झालं.

एवढं खाली उतरायला इंजिनाला वेळ लागतो. तो न देता क्लच सोडला की जोरात फिरणारं इंजिन गाडीला पुढे ढकलतं आणि मान मागे जाते. उलट, फार रेंगाळलात आणि इंजिन ८०० वर येऊन बसलं, तर त्याला वर ओढायचं काम चाकांवर येतं. गाडी अडखळते, मान पुढे झुकते. म्हणून गचक्याची दिशा बघा. मान मागे गेली तर घाई झाली, पुढे गेली तर उशीर झाला. शिकताना हे निदान फार कामाचं आहे, आणि ते शिकवणारे क्वचितच सांगतात.

डिझेल गाडीत इंजिन सावकाश उतरतं, त्यामुळे तिथे अर्धा क्षण जास्त थांबा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या कडक नियमांच्या) पेट्रोल गाड्यांपैकी काहींतही पाय काढल्यावर फेरे लगेच पडत नाहीत. धूर कमी ठेवण्यासाठी संगणकच ते थोडा वेळ धरून ठेवतो. गाडी बिघडलेली नसते.

आता डावा पाय. सपाट मोकळ्या मैदानात गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्या आणि रेसला अजिबात हात, म्हणजे पाय, लावू नका. क्लच इतका हळू सोडा की वर यायला चार-पाच सेकंद लागतील. एका जागी इंजिनाचा आवाज जरासा जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी सरकू लागते. इथे क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाला, धरू लागते. हीच पकडीची जागा. पाय तिथेच थांबवा, गाडी दोन-तीन मीटर जाऊ द्या, क्लच पूर्ण दाबा, ब्रेक लावा. असं वीस वेळा करा. ती जागा तळपायाला पाठ झाली पाहिजे, डोक्याला नाही. गाडी बदलली की ती जागाही बदलते. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजेल तशी ती वर सरकत जाते.

चालत्या गाडीत क्रम असा. रेसवरचा पाय सुटायला लागतो तेव्हाच क्लच खाली जातो. क्लच आधी दाबला तर इंजिन मोकळं होऊन भुंकतं, रेस फार आधी सोडली तर गाडी आधीच नाक टाकते. क्लच तळापर्यंत. लिव्हर न्यूट्रलला आणा, क्षणभर टेका, मग दुसऱ्यात. क्लच पकडीच्या जागेपर्यंत चटकन वर आणा, तिथे अर्धा सेकंद थांबा, मग उरलेला सोडा आणि त्यासोबत रेस हलकेच भरा. बहुतेकांचा पाय नेमका उलटा चालतो: खालचा निरुपयोगी प्रवास हळू आणि पकडीच्या जागी झटकन.

न्यूट्रलमधला तो क्षणभराचा थांबा गिअरबॉक्ससाठीही लागतो. आत सिंक्रोच्या पितळी कड्या असतात. त्या पुढच्या गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग एक करतात, मगच दात अडकतात. लिव्हरला हलका दाब देऊन ठेवला की वेळ आल्यावर गिअर आपणहून आत ओढला जातो. जोर लावलात तर त्या कड्या झिजतात, आणि काही वर्षांनी दुसरा गिअर कर्रकर्र करू लागतो. जुन्या ट्रकांत सिंक्रोच नसायचे, म्हणून डबल क्लच मारावा लागे, म्हणजे न्यूट्रलला क्लच एकदा सोडून परत दाबावा लागे. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत आजही सिंक्रो नसतो. त्यामुळे गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद मोजा, मग रिव्हर्स टाका. नाहीच पडला तर न्यूट्रलला क्लच एकदा सोडून परत दाबा.

लिव्हर मुठीत आवळू नका. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळवा शेजारच्या सीटकडे, पाचव्यासाठी स्वतःकडे. तिसरा आणि चौथा मध्ये असतात आणि स्प्रिंग लिव्हरला स्वतःच मध्ये आणते, तुम्ही फक्त सरळ पुढे किंवा मागे न्यायचं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात डावीकडे ओढला गेला तर दुसरा पडतो. ताशी ६० ला तसं झालं की इंजिन एकदम साडेचार हजारांच्या घरात जातं आणि पुढची चाकं ब्रेक मारल्यासारखी अडतात. ओल्या रस्त्यावर हे धोक्याचं आहे.

सपाट रस्त्यावर ताशी १५ ते २० ला दुसरा, ३० ते ३५ ला तिसरा, ४५ ते ५० ला चौथा, ६० नंतर पाचवा. गाडी भरलेली असेल किंवा चढ असेल तर थोडं उशिरा. इंजिन कुथायला लागलं की खालचा गिअर टाकायचा.

खालचा गिअर टाकताना गणित उलटं होतं. तिसऱ्यात २,००० वर असलेलं इंजिन दुसऱ्यात जवळपास २,९०० वर जायला हवं. म्हणून क्लच दाबलेला असतानाच रेसला एक छोटी टिचकी द्या आणि मग क्लच सोडा. टिचकी जमेपर्यंत आधी ब्रेकने वेग नीट कमी करा आणि पकडीच्या जागी जरा जास्त थांबा. कुंभार्लीसारख्या घाटात उतरताना ही सवय फार उपयोगी पडते. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच दुसरा पडला पाहिजे. वळणात क्लच दाबून ठेवला की गाडीचा वेग रोखून धरणारा इंजिनाचा अडसर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काहीजण उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून रेस सोडली की इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

चढावर सिग्नलला अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका. प्लेट तापते, जळका वास येतो आणि पुढे क्लच घसरू लागतो. हँडब्रेक ओढा. निघताना क्लच पकडीवर आणा, आवाज जड झाला की थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गिअर पडल्यावर डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा. नुसता टेकवलेला पायही क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर दाब देत राहतो, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

सरावाला कप होल्डरमध्ये झाकण लावलेली अर्धी पाण्याची बाटली ठेवा, आणि शेजारी बसलेल्याला तिच्याकडे बघायला सांगा. तुमची नजर रस्त्यावर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पाणी बाटलीच्या मानेपर्यंत उसळत असेल तर अजून घाई होतेय.