लिंडा बर्गस्ट्रॉमच्या मागे मागे: बॅकहँड चॉपच्या सरावाची नोंद

मंडळी, टेबल टेनिसमधला बॅकहँडचा चॉप, म्हणजे टेबलापासून लांब राहून चेंडू कापत उलटी फिरकी देऊन परत करणं, आता बसायला लागलाय. समोरून जोरदार टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरणारा चेंडू) आला तरी चेंडू जाळीच्या जरा वरून जातो आणि पलीकडच्या टेबलावर खोल पडतो. फोरहँडच्या चॉपवर अजून बरंच काम आहे. प्लेन (गुळगुळीत) रबरावर समोरच्याची स्पिन थेट अंगावर येते, आणि बॅटचा कोन थोडा जरी उघडा राहिला तरी चेंडू टेबल ओलांडून जातो.

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त मॅचेस बघतोय त्या स्वीडनच्या लिंडा बर्गस्ट्रॉमच्या. १९९५ चा जन्म, फोरहँडला प्लेन रबर, बॅकहँडला लॉन्ग पिंपल (लांब दाण्यांचं रबर), आणि टेबलापासून लांब उभं राहून खेळायची तयारी. जर्मनीची हान यिंग किंवा उत्तर कोरियाची किम सोंग-इ या चॉप खेळणाऱ्यांबद्दल भरपूर बोललं जातं आणि ते योग्यच आहे. किमने २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल्सचं ब्राँझ घेतलं होतं. पण शिकणाऱ्याच्या नजरेने बघायला मला बर्गस्ट्रॉम जास्त उपयोगी वाटते. तिला प्रत्येक पॉइंट कमवावा लागतो आणि तो कसा कमावला ते डोळ्यांना दिसतं.

आणि ती आली कुठून? स्वीडन म्हणजे आक्रमक खेळाचं माहेर. १९७१ ला नागोयात स्टेलान बेंगट्सन अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. १९८९ ला डॉर्टमुंडच्या जागतिक सांघिक फायनलमध्ये स्वीडनने चीनला ५-० ने धुतलं. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये वाल्डनरने सुवर्ण घेतलं. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. त्याच देशाच्या बायकांनी काय केलं हे विचारलं तर मात्र क्लबात शांतता पसरते. म्हणून सांगतो: मारी स्वेन्सन १९९४ ला बर्मिंगहॅममध्ये युरोपियन सिंगल्स चॅम्पियन झाली. २०१३ ला श्वेशाटमध्ये ली फेनने तेच विजेतेपद पटकावलं, तेही पस्तिशी उलटल्यावर. स्वीडिश टीटीच्या गप्पांमध्ये ही दोन नावं यायलाच हवीत.

आता टोकियोकडे येतो, कारण माझ्या सरावाचा आराखडाच त्या मॅचवरून बदललाय. २४ जुलै २०२१, ऑलिंपिकची पहिली फेरी, समोर आपली सुतीर्था मुखर्जी. रँकिंग बर्गस्ट्रॉमचं ७८, सुतीर्थाचं ९८. आपल्याकडे ही मॅच सुतीर्थाच्या पुनरागमनाची म्हणून सांगितली जाते आणि ती होतीच तशी. ३-१ ने मागे पडून ४-३ ने जिंकायला काळीज लागतं. पण चॉप खेळणाऱ्यांनी ती एकदा दुसऱ्या बाजूनेही बघावी.

बर्गस्ट्रॉमच्या बाजूने आकडे असे: ११-५, ९-११, १३-११, ११-९, ३-११, ९-११, ५-११. मी वहीत बेरीज केली. पहिल्या चार गेममध्ये तिचे ४४ पॉइंट, सुतीर्थाचे ३६. शेवटच्या तीन गेममध्ये तिचे १७ आणि सुतीर्थाचे ३३. एकूण ६१ विरुद्ध ६९. म्हणजे चार गेम आठ पॉइंटने पुढे असलेली खेळाडू नंतर सोळा पॉइंटने मागे पडली.

डिफेन्सिव्ह खेळाचं अख्खं गणित यात आहे. चॉपरविरुद्ध पहिले दोन-तीन गेम समोरचा चाचपडत असतो. लॉन्ग पिंपलचे लांब, मऊ दाणे चेंडू लागताच वाकतात आणि चेंडू त्यांच्यावरून घसरतो. त्यामुळे समोरच्याने दिलेली टॉपस्पिन बऱ्याच अंशी तशीच राहते आणि त्याच्याकडे बॅकस्पिन (उलटी फिरकी) होऊन परत येते. तो जितका जोरात मारेल तितका चेंडू जड होऊन येतो. उलट त्याने नुसता पुश केला (चेंडू खालून हलकेच ढकलला) तर पिंपलवरून येणारा चेंडू हलका, जवळपास बिनस्पिनचा असतो. हा हिशेब डोक्यात बसेपर्यंत त्याचे चेंडू कधी जाळीत जातात, कधी टेबलाबाहेर. एकदा बसला की तो जोर कमी करतो, एक हळू लूप (भरपूर टॉपस्पिनचा फटका), एक पुश, मग संधी बघून एक फटका असा क्रम धरतो. तिथून पुढे नुसतं परत करत राहणाऱ्या चॉपरचं काही खरं नसतं.

सुतीर्था स्वतः पिंपल वापरणारी खेळाडू आहे, हेही विसरू नका. पिंपलवरून चेंडू कसा येतो हे तिला आतून माहीत असतं. तिसरा गेम ११-१३ आणि चौथा ९-११ असा हरूनही पाचव्यात तिने ११-३ केलं, तो स्कोअर नुसत्या जिद्दीने येत नाही. पुढच्या फेरीत पोर्तुगालच्या फू यूकडून ती ०-४ ने हरली, पण पहिल्या फेरीची ती मॅच आपल्याकडच्या प्रत्येक मुलीला दाखवावी अशी आहे.

चॉपरच्या पाठीशी नियम कधीच उभे राहिलेले नाहीत, हे मला मनापासून खुपतं. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाचं रबर लावून बॅट फिरवली की समोरच्याला पत्ता लागायचा नाही. १९८६ ला एक बाजू लाल, दुसरी काळी सक्तीची झाली. २००० ला ३८ मिलिमीटरचा चेंडू ४० चा झाला आणि स्पिन घटली. २००१ ला २१ चा गेम ११ वर आला, म्हणजे समोरच्याला हळूहळू थकवायची मुभाच गेली. २००८ ला बिनघर्षणाचे लॉन्ग पिंपल बंद झाले. २०१४ ला सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं आणि चॉपमधली धार आणखी कमी झाली. शिवाय एक्स्पेडाइट आहेच: दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून १८ पॉइंट झाले नसतील, तर सर्व्हिस दर पॉइंटला बदलते आणि रिसीव्ह करणाऱ्याने तेरा वेळा चेंडू परत केला की पॉइंट त्याचा. एवढ्या सगळ्यातून वाट काढत २०२१ ला एक स्वीडिश मुलगी चॉप खेळत ऑलिंपिकला पोहोचते, याचं मला फार कौतुक आहे.

तर सरावात काय बदललं ते सांगतो. आधी मी पार्टनरला फक्त टॉपस्पिन मारायला सांगायचो आणि चॉपची रॅली जितकी लांबेल तितकं समाधान. आता क्रम ठरवून घेतलाय: दोन चॉप बॅकहँडने, तिसरा चेंडू तो मुद्दाम पुश करतो, आणि तो मी पुढे येऊन फोरहँडने मारायचाच. चेंडू आत पडो वा बाहेर, मारायचा. पुश येतोय हे ओळखण्यासाठी चेंडूकडे बघून चालत नाही, समोरच्याच्या खांद्याकडे बघावं लागतं. लूपसाठी उजवा खांदा खाली जातो, पुशला तो जागेवरच राहतो. खांदा हलला नाही की माझा डावा पाय पुढे पडलेला असला पाहिजे. चेंडू जाळी ओलांडायच्या आत पाय पडला तर फटका शरीरातून निघतो, नाहीतर नुसता हात फिरतो.

चॉपमध्येही एक बारीक बदल केलाय. चेंडू कंबरेच्या खाली, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीला येऊ द्यायचा आणि मग घ्यायचा. वर घेतला तर बॅट कुऱ्हाडीसारखी खाली येते आणि चेंडू जाळीत. खाली घेतला तर बॅट पुढे सरकते, दाण्यांवर चेंडू क्षणभर रेंगाळतो आणि टक् असा आवाज न येता खसकन घासल्यासारखा येतो. तो आवाज आला की चेंडू कुठे पडणार हे बघायचीही गरज उरत नाही. रबराखालचा स्पंज अर्ध्या मिलिमीटरचाच ठेवलाय. स्पंज न लावता चेंडू फार मेल्यासारखा जातो आणि लांबून टेबल गाठायला मला कष्ट पडतात.

बर्गस्ट्रॉमच्या पुढच्या वाटचालीबद्दलही थोडं. पॅरिस २०२४ ला ती, क्रिस्टिना कॅलबर्ग आणि फिलिपा बर्गांड अशा तिघींच्या स्वीडिश संघाने क्वार्टर फायनल गाठली. तिथे दक्षिण कोरियाने त्यांना ३-० ने हरवलं. कॅलबर्ग आपल्याला आठवत असेल, कारण सिंगल्सच्या पहिल्या फेरीत श्रीजा अकुलाने तिला ४-० ने हरवलं होतं. पण याच कॅलबर्गने क्रिस्टियन कार्लसनबरोबर मिक्स्ड डबल्सची क्वार्टर फायनल खेळली आणि उत्तर कोरियाच्या जोडीपुढे थांबली. पुढे त्या जोडीने रौप्य नेलं. त्या पॅरिसमध्ये पुरुषांत ट्रुल्स मोरेगोर्डचं रौप्य आणि संघाचं रौप्य आलं, त्यामुळे कॅमेरे सगळे तिकडे. मला विचाराल तर संघाच्या मॅचमध्ये एक चॉपर असणं ही फार मोठी गोष्ट आहे. समोरच्या तिघींना तिच्यासाठी वेगळी तयारी करावी लागते, आणि तो सरावाचा वेळ इतर दोघींच्या तयारीतून कापला जातो.

पुढच्या टप्प्यात दोन गोष्टी आहेत. फोरहँड चॉपसाठी मल्टीबॉल (एकामागून एक अनेक चेंडू घेऊन करायचा सराव) सुरू करतोय, आधी मधल्या गतीचे चेंडू, मग हळूहळू जोर वाढवत. आणि मॅचमध्ये बॅट फिरवून पिंपल फोरहँडला आणायची सवय लावायची आहे, निदान सर्व्हिस रिसीव्ह करताना. तुमच्यापैकी जे कुणी ४०+ (प्लास्टिकच्या) चेंडूवर लॉन्ग पिंपलने खेळताय, त्यांनी स्पंज किती जाडीचा ठेवलाय आणि लांबून चॉप करताना चेंडूची लांबी कशी सांभाळता, ते जरूर कळवा.