कोऱ्या रनमधले पीक

मालात कीटकनाशक आहे का ते तपासणाऱ्या GC-MS यंत्रावर कोरा रन चालवला. सॅम्पल लावलंच नव्हतं, नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे सॅम्पल ज्यात विरघळवतात तो द्रव. तरी स्क्रीनवर पीक, म्हणजे पदार्थ सापडल्याचे आलेखातले उंचवटे, उभे. मागून वरुडकडच्या संत्रावाल्या काकांनी विचारलं, "माह्या मालात औषध निघालं का जी?"

नाही काका. आयन, म्हणजे पदार्थाचे विद्युतभारित तुकडे, २०७ आणि २८१ वस्तुमानाचे, म्हणजे सिलोक्सेन, सिलिकॉन रबरातून सुटणारं रसायन. इंजेक्टरचं सेप्टम, सुई जिथून आत जाते ती रबरी चकती, झिजलंय. शिवाय २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) साधारण ४:१, म्हणजे हवाही शिरतेय. सेप्टम बदललं, कॉलमचा, म्हणजे आतल्या बारीक नळीचा, नट आवळला. रेषा खाली बसली.

"मंग याच्या आधी कोनाचा माल असाच नापास झाला असन का?"

सिलोक्सेन स्पेक्ट्रमवरून ओळखू येतं. पण आधीच्या सॅम्पलचं कीटकनाशक लायनरमध्ये (इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीत) चिकटून राहिलं, तर त्याचा पीक अगदी खरा दिसतो. भाव त्या कागदावर ठरतो हो! म्हणून रिपोर्टसोबत कोऱ्या रनचा आलेख द्यायलाच हवा. तुमच्याकडे शेतकऱ्याला तो मिळतो का?