तांबड्या शाईची सत्ता: मिंग दरबारातले खोजे

चिनी दरबारातले खोजे, म्हणजे खच्ची केलेले राजसेवक, म्हटलं की विषप्रयोग, जनानखान्यातली कारस्थानं आणि पडद्याआडची कुजबुज आठवते. मालिकावाल्यांना ते सोयीचं आहे. पण मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) खोज्यांच्या हाती जी सत्ता आली तिचं मूळ कुजबुजीत कमी आणि दफ्तरात जास्त सापडतं. कागद कुठून येतो, कुणाच्या टेबलावर थांबतो आणि त्यावर शेवटचा शेरा कोण लिहितो, एवढं पाहिलं की निम्मं कोडं सुटतं.

सुरुवात संस्थापक होंगवू सम्राटापासून करावी लागते. १३८० मध्ये त्याने हू वेईयोंग या मुख्य प्रधानाला राजद्रोहाच्या आरोपाखाली मारलं आणि ते पदच कायमचं रद्द करून टाकलं. आता सहाही खात्यांचे कागद थेट सम्राटाकडे येऊ लागले. १३८४ मधल्या आठ दिवसांची नोंद आहे: १,६६० अर्ज आणि त्यांतली ३,३९१ प्रकरणं. म्हणजे रोजचे दोनशेच्या वर कागद आणि चारशेच्या वर निर्णय. होंगवूला ते झेपलं, कारण माणूस राक्षसी कामाचा आणि पराकोटीचा संशयी होता. खोज्यांनी कारभारात तोंड घातलं तर मुंडकं उडेल, अशी लोखंडी पाटी त्यानेच राजवाड्यात लावली होती. पण प्रधानपद रद्द करून त्याने जी पोकळी केली, ती पाटी लावून भरणार नव्हती.

पुढच्या सम्राटांनी तोडगा काढला तो असा. प्रांतांतून आणि खात्यांतून आलेले अर्ज आवक कचेरीतून राजवाड्यात जात. तिथून ते महासचिवांकडे, म्हणजे अंतर्मंडळाकडे येत. महासचिव उत्तराचा मसुदा काळ्या शाईने एका लहान चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी अर्जाला चिकटवत. याला प्याओनी म्हणत. अर्ज परत आत जाई आणि सम्राट त्यावर तांबड्या शाईने हुकूम लिही, तो पीहोंग. हा तांबडा शेरा पडला की कागद राजवाड्याच्या दक्षिण दरवाजाजवळच्या तपासनिसांकडे जाई. ते त्याची नक्कल करत, काही गैर वाटलं तर परत पाठवू शकत, आणि मग तो संबंधित खात्याकडे रवाना होई. काळी शाई म्हणजे सल्ला, तांबडी म्हणजे आज्ञा. मसुदा कितीही थोर विद्वानाने लिहिलेला असो, तांबडा शेरा पडेपर्यंत तो चिटोराच.

रोज शेकडो तांबडे शेरे सम्राट स्वतः लिहिणार तरी कसा? तो थोडेच लिही. बाकीचे सलीच्येनमधले ज्येष्ठ खोजे लिहीत. सलीच्येन म्हणजे राजवाड्यातल्या खोज्यांच्या चोवीस कचेऱ्यांमधली सर्वांत वरची. तिचा प्रमुख शिक्का सांभाळणारा, त्याच्या हाताखाली लेखणी धरणारे काही खोजे. नियम स्पष्ट होता: महासचिवांचा मसुदा जसाच्या तसा तांबड्यात उतरवायचा, फार तर चुकलेलं अक्षर दुरुस्त करायचं. यासाठी शिकलेले खोजे हवेत, म्हणून १४२६ मध्ये श्वानद सम्राटाने राजवाड्यातच त्यांची शाळा काढली. दहाएक वर्षांची दोनतीनशे मुलं आणि शिकवायला राजविद्यालयातले पंडित. होंगवूच्या धोरणाच्या अगदी उलट. पण प्रधान नसलेल्या राज्यात हा कारकूनवर्ग कुठून तरी उभा करावाच लागणार होता.

१४३५ मध्ये गादीवर बालक बसला आणि ही व्यवस्था पक्की झाली. महासचिव आणि सम्राट यांची भेट क्वचित होई, काही सम्राटांच्या काळात तर वर्षानुवर्षं नाही. खोजा मात्र सकाळ-संध्याकाळ आतच. मसुदा बाहेरून येतो आणि हुकूम आतून निघतो, मधल्या वाटेवर काय घडलं ते बाहेरच्यांना दिसत नाही. बिघाड व्हायला एवढी जागा पुरेशी होती.

बिघाडाचा एक ठळक नमुना म्हणजे लियू चिन हा खोजा, १५०६ ते १५१०. तरुण चंगद सम्राटाला शिकार, कुस्त्या आणि कवायतीचा नाद. लियू चिनने अर्ज राजवाड्यात ठेवलेच नाहीत, ते सरळ घरी नेले. तिथे बहिणीचा नवरा सुन त्सोंग आणि चांग वनम्येन नावाचा एक बिलंदर माणूस यांच्यासोबत बसून निर्णय व्हायचे. भाषा इतकी गबाळी असे की च्याओ फांग या महासचिवाला ती सावरून द्यावी लागे. पुढे तर अधिकाऱ्यांनी प्रत्येक अर्ज आधी लियू चिनकडे द्यायचा आणि मगच आवक कचेरीत, असा प्रघात पडला. पहिल्याला ‘लाल प्रत’ म्हणत, दुसऱ्याला ‘पांढरी’. खरा दरबार कुठे भरतो हे यातून सगळ्यांना कळलं.

सम्राट खेळात रंगला असताना मुद्दाम कागद पुढे करायचे आणि त्याने वैतागून ‘तूच बघ’ म्हणावं, ही युक्ती लियू चिनच्या नावावर सांगतात. शंभर वर्षांनी तीच वेई चोंगश्येन या खोज्याच्या नावावर सांगितली जाते, तिथे खेळाच्या जागी सम्राटाचं सुतारकाम आहे. एकच गोष्ट दोघांना इतकी चपखल बसते तेव्हा जरा जपूनच वाचावं. हा इतिहास लिहिणारे सगळे विद्वान अधिकारी, म्हणजे खोज्यांचे प्रतिस्पर्धी. सलीच्येनचं रोजचं काम तपशिलात सांगणारा लियू रुओयू स्वतः खोजा होता आणि त्याने ते तुरुंगात बसून लिहिलं. त्यालाही स्वतःची बाजू मांडायची होतीच, पण कागद कसा फिरे याबाबत तोच जास्त भरवशाचा.

वेई चोंगश्येन (मृत्यू १६२७) हे प्रकरण आणखी विचित्र. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तो लेखणी धरणाऱ्यांपैकी एक झाला. शिवाय गुप्त पोलिसांचं पूर्व ठाणं त्याच्याकडे. शिक्का वांग थीच्येनकडे होता. प्रथेप्रमाणे शिक्केवाल्याचा मान ठाण्याच्या प्रमुखाहून मोठा, पण वांग थीच्येन आपणहून वेईच्या खाली उभा राहू लागला. तोच दोघातिघांच्या मदतीने वेईसाठी कागद वाचे. १६२४ मध्ये यांग ल्येन या अधिकाऱ्याने वेईचे चोवीस अपराध मांडणारा अर्ज केला. थ्येनछी सम्राटाने तो वाचून दाखवायला सांगितलं, वाचणारा वांग थीच्येन. त्याने नेमकी मर्माची वाक्यं गाळली आणि यांग ल्येनलाच ताशेरे मिळाले. पुढच्या वर्षी तो तुरुंगात छळाने मेला. हुकुमात एका अक्षराची खाडाखोड करावी लागली नाही, वाचताना काही ओळी सोडल्या की काम झालं.

आणि या उत्तराचा मसुदा काळ्या शाईत कुणी केला? वेई क्वांगवेई नावाच्या महासचिवाने. ही बाजू लोक विसरतात. खोज्याला बाहेर माणूस लागे आणि महासचिवाला आत. चांग च्यूचंग या महासचिवाने १५७२ ते १५८२ या दहा वर्षांत करवसुली आणि नोकरशाही वठणीवर आणली, ती शिक्का सांभाळणाऱ्या फंग पाओशी जुळवून घेऊनच. काळी आणि तांबडी शाई एका सुरात असली की गाडा सुरळीत चाले. चांग गेला आणि वर्षही संपायच्या आत फंग पाओची रवानगी नानचिंगला झाली.

सम्राट आळशी म्हणून खोजे शिरजोर, हे नेहमीचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. च्याचिंग सम्राटाने १५४२ नंतर दरबार भरवणं जवळपास सोडलंच होतं, तरी त्याच्या काळात खोज्यांची डाळ शिजली नाही. तो दिसत नसे, पण कागद वाची. नातू वानलीनेही पुढे दरबार सोडला आणि त्याने कागदावर काहीच न लिहिण्याचा मार्ग धरला. नकार नाही, होकार नाही, अर्ज आतच पडून. १५९६ पासून त्याने खाणी आणि व्यापारी करांच्या वसुलीसाठी खोज्यांना प्रांतोप्रांती धाडलं. लिनछिंगला १५९९ मध्ये जमावाने मा थांग या वसुली खोज्याची कचेरी जाळली, सूचौला १६०१ मध्ये विणकर उठले. अधिकाऱ्यांच्या तक्रारींचे ढीग आत गेले आणि बहुतेक तिथेच राहिले. तांबडा शेरा न पडणं हासुद्धा हुकूमच.

तरीही या सत्तेला एक मर्यादा होती आणि ती थांग काळाशी ताडून पाहिली की कळते. थांग सम्राट द-चोंगने ७८३ च्या बंडानंतर राजधानीतली शनत्स फौज खोज्यांच्या हाती दिली. त्यानंतर त्यांनी सम्राट बसवले, काढले आणि मारलेही. ८३५ मध्ये त्यांना संपवण्याचा कट फसला, तेव्हा त्यांनी महामंत्र्यांचीच कत्तल केली. ९०३ मध्ये चू वन या सेनापतीने त्यांना कापून काढलं, तेव्हाच ते हटले. मिंग खोज्यांकडे अशी स्वतःची फौज नव्हती. लियू चिनला १५१० मध्ये एका रात्रीत अटक झाली. दुसरा खोजा चांग योंग याने मेजवानीत सम्राटापुढे आरोपपत्र ठेवलं, एवढं पुरलं. पुढे त्याला तुकडे-तुकडे करून मारण्यात आलं. वेई चोंगश्येनच्या नावाने तर त्याच्या हयातीत देवळं उभी राहिली होती, पण थ्येनछी सम्राट मेल्यावर काही आठवड्यांत त्याला हाकललं गेलं आणि वाटेत त्याने गळफास घेतला. तांबड्या शाईची सत्ता ज्याच्या नावाने चाले, तो माणूस बदलला की संपे.

मिंगांनंतर आलेल्या छिंग सम्राटांनी हीच गाठ सोडवली. गुप्त अर्ज बंद पेटीतून थेट सम्राटाकडे येऊ लागले आणि तांबडा शेरा तो स्वतःच्या हाताने लिहू लागला. योंगचंग सम्राटाने गादीवर येताच आदेश काढला की असे शेरे असलेले कागद अधिकाऱ्यांनी राजवाड्यात परत करायचे. खोजे उरले ते चहा, पडदे आणि दिव्यांपुरते. लाडके होतेच. राजमाता त्स-शीचा आन दहाय १८६९ मध्ये राजवस्त्रांच्या खरेदीसाठी मोठ्या थाटात दक्षिणेकडे निघाला. खोज्याने राजधानी सोडायची नाही हा नियम, आणि त्याच्याकडे लेखी हुकूम नव्हता. शानतोंगचा सुभेदार तिंग पाओचन याने त्याला पकडून राजधानीला कळवलं, आणि मंजुरी येताच चीनानमध्ये त्याचं डोकं उडवलं.