गोळी पोटात जायच्या आत संपणारी डोकेदुखी

साताऱ्यात माझं मेडिकलचं दुकान आहे आणि गेली काही वर्षं माझ्या डोक्यात अधूनमधून सणक येते. म्हणजे डोकेदुखीच्या गोळ्या विकणारा मी, आणि माझ्याच डोकेदुखीला दुकानातली एकही गोळी उपयोगाची नाही.

सणक येते ती अशी. काउंटरवर उभा राहून कात्रीने स्ट्रिप कापतोय, समोर गिऱ्हाईक सुटे पैसे मोजतंय, आणि एकदम उजव्या कानाच्या वर, केसांत, कुणीतरी दाभण खुपसल्यासारखी कळ जाते. कात्री अर्ध्यावर थांबते. डोळा आपोआप मिटतो. एक, दोन, फार तर तीन म्हणेपर्यंत सगळं साफ. मागे ठणका नाही, मळमळ नाही. समोरच्याचे पैसे मोजून होईतो मी उरलेली स्ट्रिप कापून पाकिटात घातलेलीसुद्धा असते. कधी दिवसात एखादीच, कधी लागोपाठ दोन-तीन, आणि मग आठवडेच्या आठवडे पत्ता नाही.

घरात प्रत्येकाचं निदान ठरलेलं होतं. आईचं पित्त, बायकोचं “अहो, बीपी बघून घ्या आधी”, मेव्हण्याचं चष्म्याचा नंबर. बीपी ठीक निघालं, नंबर तोच होता. आईने एकदा सहाणेवर सुंठ उगाळून आणली तेव्हा मी चहा पीत पेपर वाचत बसलो होतो. “आता उगाळलीच आहे तर लाव,” म्हणाली. लावली.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी खोदून खोदून विचारल्या. कळ एकाच ठिकाणी येते की जागा बदलते? आणि कळ येते तेव्हा डोळा लाल होतो का, पाणी येतं का? माझी जागा बदलते. कानावर, टाळूवर, कधी डाव्या डोळ्याच्या मागे. डोळ्याला पाणी नाही. कॉलेजपासून अर्धशिशी आहे हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, कारण अर्धशिशीवाल्यांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो आणि पुष्कळदा ज्या बाजूला अर्धशिशी तिथेच सणकही जाते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला स्वतंत्र जागा आहे, ‘प्रायमरी स्टॅबिंग हेडेक’ या नावाने. बोलण्यात ‘आइस पिक हेडेक’ म्हणतात. त्या वर्गीकरणानुसार 80 टक्के सणका तीन सेकंदांच्या आत संपतात. नेमकं कारण सापडलेलं नाही, पण आत काही फुटलंय, तुंबलंय असा त्याचा अर्थ नसतो. तपासून, मान हलवून, डोळ्यांत बॅटरी मारून त्यांनी एवढंच सांगितलं, की औषधाची गरज नाही.

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण हिशेब माझ्या धंद्यातलाच आहे. साधी पॅरासिटामॉल पोटात विरघळून रक्तात जाऊन गुण दाखवायला अर्धा तास घेते. सणक तीन सेकंदांची. तुम्ही पाण्याचा ग्लास भरेपर्यंत ती गेलेली असते, आणि मग आपल्याला वाटतं गोळीनेच गेली. “कालची ती गोळी लगेच लागू पडली हो, दहाची पट्टी द्या,” असं म्हणणारे रोज भेटतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. नसलेल्या दुखण्यावर गोळी घेऊन असलेलं दुखणं विकत घ्यायचं. दुकानदाराने असं बोलू नये म्हणतात. बोलतो.

ज्यांना दिवसभर सणकांवर सणका येतात, त्यांना डॉक्टर इंडोमेथासिन नावाचं वेदनाशामक देतात. बऱ्याच जणांना गुण येतो, सगळ्यांना नाही. पण हे औषध पोटाला आणि किडनीला जड आहे, अल्सर असलेल्याने तर लांबच राहावं. त्यामुळे चिठ्ठीशिवाय ते माझ्याकडे मागू नका, मी देणार नाही. काहींना मेलाटोनिन, म्हणजे झोपेसाठी देतात ते औषधही देऊन बघतात.

आता ज्याला सणक समजून घरी बसू नये, ते. दात घासताना, दाढी करताना, गार वारं लागल्यावर गालात-जबड्यात विजेसारखी कळ मारत असेल, तर तो चेहऱ्याच्या नसेचा आजार असू शकतो. त्याला वेगळं औषध आहे, आणि बिचारे लोक दातच काढून बसतात. कळ कायम एकाच बोटभर जागेवर येत असेल, तर डॉक्टर बहुतेक एमआरआय सांगतील. तो टाळू नका. एकाएकी, मिनिटाभरात, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखलं, उलटी झाली, मान आखडली, हातपाय लुळे वाटले, बोलणं अडखळलं, तर मेडिकलमध्ये येऊच नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आमच्या पेठेतल्या एक मावशी, सत्तरीच्या पुढच्या, कानशिलाचं दुखणं घेऊन बामाची बाटली न्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “वेणी घालताना डोक्याला हात लागला तरी दुखतं बघ, आणि भाकरी चावली की जबडा भरून येतो.” मी बाटली परत आत ठेवली. पन्नाशीनंतर असं दुखणं म्हणजे कानशिलाची रक्तवाहिनी सुजलेली असू शकते, आणि उशीर झाला तर नजर जाते, कायमची. त्यांच्या मुलाला फोन करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. अंगातली सूज दाखवणारी ईएसआर ही रक्ताची तपासणी केली, तर तो भरपूर वाढलेला आला, लगेच स्टेरॉइड सुरू झालं. आता त्या दुकानावरून जाताना “बाम दिला नाहीस तो नाहीसच” म्हणून ओरडतात.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी अर्धशिशीकडे नीट बघतो, जागरण आणि उपाशी पोट टाळतो. तेवढ्याने सणका कमी झाल्या असं छातीठोक सांगता येणार नाही, अर्धशिशी मात्र कमी झाली. काउंटरखाली एक जुनी डायरी ठेवलीय. तारीख, जागा, एकटी की लागोपाठ, डोळ्याला पाणी होतं का, एवढंच एका ओळीत टिपतो. डॉक्टरांकडे जाताना तीच उचलून नेतो. तुम्हालाही असं होत असेल, तर गोळ्यांच्या पाकिटाऐवजी असा कागद घेऊन जा. “डोकं दुखतं” एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही, जागा आणि सेकंद सांगितले की कळतं.