मारुत १:७२, नोंद चौथी : कंबर पुन्हा घडवली

मारुत या भारतीय लढाऊ विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती मी बनवत आहे. मागच्या नोंदीत तिचे धड पूर्ण झाल्याचे मी लिहिले होते, ते मागे घ्यावे लागत आहे. दिवाळीत मुंबईला मावशीकडे गेलो असताना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातील एचएफ-२४ मारुतभोवती तासभर फिरलो आणि चूक ध्यानात आली. पंख जोडले जातात तिथे खऱ्या विमानाचे धड दोन्ही अंगांनी आत गेलेले आहे. माझे नळकांड्यासारखे सरळ उतरले होते.

ही कंबर शोभेची नाही. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध एकदम वाढू नये, म्हणून पंख जितकी जागा घेतात तितकी धडातून काढून घ्यायची, या तत्त्वावर जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी बंगळुरूला ही आखणी केली आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते विमान प्रथम उडवले. ज्या ऑर्फियस १२ इंजिनासाठी ती आखणी होती, ते मात्र कधी मिळालेच नाही आणि प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेट्याच्या दोन ऑर्फियस ७०३ इंजिनांवर भागवावे लागले. इतक्या रेखीव धडाला तोलामोलाचे इंजिन लाभले नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थान-सिंध आघाडीवर १० आणि २२० क्रमांकांच्या स्क्वाड्रनांनी हीच विमाने घेऊन जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले चढवले, आणि एक इंजिन बंद पडूनही काही मारुत तळावर परतली.

दुरुस्तीसाठी धडात आतून एम-सील भरले, रात्रभर वाळू दिले आणि मग बाहेरून गोल कानशीने घासले. माप बघायला लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे साचे कापले होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरावरून महाराजपुऱ्याच्या हवाई तळाचे मिराज लढाऊ विमान गेले की तावदाने थरथरतात, तेवढा वेळ कानस बाजूला ठेवावी लागते. हवा आत घेणाऱ्या तोंडांतील अर्धशंकूंसाठी बॉलपेनाचे निमुळते टोक उभे चिरले. एकातच दोन्ही बाजू भागल्या.

आता पोटातील रॉकेटांचा पेटारा. त्यात ६८ मिमीची ५० रॉकेटे बसत आणि मारा करताना तो खाली उतरे. मी तो उतरलेलाच दाखवणार आहे. या प्रमाणात एकेक नळी जेमतेम ०.९ मिमीची होते. आजवर अकरा भोके पडली आहेत.