हरवलास तर घरी येऊ नकोस

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

फोन गेला याचं मला काही वाटत नाहीये. हे आधीच लिहून ठेवते, कारण दिवसभर जो तो फोनसाठीच माझं सांत्वन करत होता. माझाच जुना फोन तो, 2021 मध्ये घेतलेला, कोपऱ्यात तडा गेलेला. बोहारणीने त्याच्यावर एक डबासुद्धा दिला नसता.

खुपतोय तो चार्जर.

काल रात्री माझ्या चार्जरची पिन सैल झाली म्हणून चिनूचा घ्यायला हॉलमध्ये गेले. दिवा लावला नाही, सासूबाईंची झोप सावध. बोर्डावरचा लाल ठिपका दिसत होता, म्हणजे बटण चालू. रोज झोपण्याआधी मी दारातून तेवढा ठिपका बघते. चला, फोन चार्जिंगला लागलाय, पोरगं झोपलं, दिवस संपला. वायर उशीखाली गेलेली. (उशीखाली ठेवू नकोस, तापतो, हे शंभरदा सांगून झालंय.) हळूच ओढली तर नुसती वायरच हातात आली. हलकी. टोकाला काही नव्हतंच.

मला वाटलं, निसटला. उशीखाली हात घातला, गादीची कड चाचपली, तर अंधारातून सासूबाई म्हणाल्या, “त्याला उठवू नकोस. सोमवारीच गेलाय तो. शाळेत.”

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन रात्री हा मुलगा मोकळी वायर उशीखाली घेऊन झोपला. बटण आठवणीने चालू करून. कारण आई दारातून काय बघते ते त्याला ठाऊक आहे.

आणि मला काहीच कळलं नाही! दुपारी मेसेज यायचा, “आई क्लासला पोचलो. वेदांतच्या फोनवरून करतोय. बॅटरी संपली.” तिन्ही दिवस तोच मेसेज. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन रोज दुपारी कसा काय संपतो, एवढा साधा हिशोब मला दादरच्या ऑफिसात बसून करता आला नाही. मी उलट लिहिलं, “बरं. रविवारी बॅटरी बदलून आणू.” वर अंगठा. जूनमध्ये मोठ्या थाटात गूगलचं फॅमिली लिंक टाकून घेतलं होतं, पोरगं कुठे आहे ते बसल्या जागी दिसतं म्हणून डब्याच्या वेळी सगळ्यांना दाखवत सुटले होते. काल रात्री बारा वाजता ते उघडलं. नकाशावर शाळेची इमारत आणि त्यावर सोमवारची शेवटची नोंद. तीन दिवस ते बिचारं खरं सांगत बसलं होतं, बघायला कोणी नव्हतं.

मला का नाही सांगितलं?

आजीला सांगितलं, सोमवारी संध्याकाळीच. आजीला सांगितलं याचं वाईट वाटत नाही. वाटतं. खोटं कशाला लिहू, कोण वाचणार आहे. सकाळी साडेपाचला उठून दोन डबे, मग डोंबिवलीच्या फलाटावर रोजची मारामारी, रात्री परत येऊन त्याच ओट्यापाशी उभं राहायचं. आणि घरात काय चाललंय ते कळणारी मी शेवटची. आमच्या एवढ्याशा वन बीएचकेत दोन माणसं तीन दिवस माझ्यापासून एक गोष्ट लपवू शकतात, हेही एक कौशल्यच म्हणायचं. मंगळवारी रात्री मी “फोन बाजूला ठेव आणि जेव” असं ओरडले होते ते आत्ता आठवलं. फोन नव्हताच. तो “हो” म्हणाला होता. सासूबाईंनी मान खाली घालून आमटी वाढली होती.

सकाळी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मंदार शनिवारी आला की सांगू असं ठरलं होतं आमचं.” आमचं! मग जरा थांबून, “तू त्याला घरी येऊ नकोस म्हणाली होतीस ना.”

मी कधी म्हणाले? म्हणाले होते. जूनमध्ये फोन हातात देताना. “हे बघ, जपून वापर. हरवलास तर घरी येऊ नकोस.”

हे काय म्हणणं असतं का? हे तर सगळेच म्हणतात. आमच्या आईने हे वाक्य छत्रीबरोबर दिलं, कंपासपेटीबरोबर दिलं, बसच्या सुट्ट्या पैशांबरोबर दिलं. मी चौथीपर्यंत तीन छत्र्या हरवल्या आणि तिन्ही वेळा घरीच आले, दोन धपाटे खाल्ले, वर गरम भातही खाल्ला. त्या वाक्याचा अर्थ ‘जप’ एवढाच असतो. पण आत्ता लिहून बघितलं आणि लक्षात आलं की त्यात फोन हा शब्दच नाहीये. हरवलास तर घरी येऊ नकोस. नुसतं कानावर पडलं तर कोणालाही वाटेल, पोरगं हरवण्याबद्दलच चाललंय.

त्याने अगदी शब्दशः ऐकलं असं नाही, घरी आलाच की. फक्त फोन हरवलेला मुलगा बाहेर ठेवून आला आणि फोन असलेला मुलगा होऊन वायर लावून झोपला.

आणि बाईंना तरी कुठे सांगणार होता? शाळेत फोन आणायचा नाही, हे शाळेच्या दैनंदिनीत मागच्या पानावर छापलंय, खाली माझी सही आहे. सही करून मी काय केलं, तर नाक्यावरच्या शिंप्याकडून दप्तराला आतून चोरकप्पा शिवून घेतला. “बंद करून ठेवायचा. शाळा सुटल्यावरच चालू करायचा. बाईंना कळू द्यायचं नाही.” साडेबाराला शाळा सुटते, पुढे क्लास, मी येणार साडेसातला. काय करणार होते? बरोबरच होतं माझं. तरीपण. सोमवारी पीटीच्या तासाला दप्तरं वर्गात, मुलं मैदानावर. परत येऊन बघतो तर चोरकप्प्याची चेन उघडी. बाईंना सांगावं तर आईने सांगितलंय कळू देऊ नकोस. आईला सांगावं तर ते दुसरं वाक्य. दोन्हीकडचे दरवाजे मीच लावून ठेवले होते, आणि आता विचारतेय, मला का नाही सांगितलं.

2018 मध्ये माझा फोन गेला होता. मुंब्रा ते कळवा, दारात उभी होते, खालून कोणीतरी हातावर फटका मारला आणि फोन खाली. ठाण्याला उतरून लोहमार्ग पोलिसांत जाऊन आले. त्या दिवशी घरी मला कोणी काय म्हणालं? सासूबाईंनी हाताला हळद लावली. मंदारने चहा केला. “हात वाचला ना, फोन काय, येईल दुसरा.” दारात उभं राहून कशाला बघत होतीस, हे कोणीही विचारलं नाही. आणि मी काल रात्री चिनूला हलवून उठवलंच. पहिला प्रश्न काय विचारला असेन? “चेन नीट लावली होतीस का?”

त्याने उत्तर दिलं नाही. उठून बसला, एवढंच. त्याच्या गालावर वायरीचा वळ उठला होता.

आज अर्धी रजा टाकली. आधी शाळा. पर्यवेक्षिका बाई शांत होत्या, त्यामुळे जास्तच त्रास झाला. दैनंदिनीचं ते पान माझ्यासमोर उघडून ठेवलं, बोट काही ठेवलं नाही. वर्गात विचारते म्हणाल्या, पण दप्तरं सगळ्यांची तपासणार नाही, एका पोरापायी चाळीस जणांना चोर ठरवायचं नाही. रागच आला होता. बाहेर पडल्यावर वाटलं, बरोबर आहे बाईंचं. त्यांनी चिनूला विचारलं, कोणावर संशय? त्याने खांदे उडवले आणि नखं कुरतडायला लागला. त्याला माहीत आहे असं मला वाटतं. वेदांतलाही. माझ्या मनातही एक नाव येऊन गेलं, का आलं तेही कळलं, आणि ते मी इथेही लिहिणार नाही.

मग पोलीस स्टेशन. त्याआधी खोक्याची शोधाशोध, कारण फोनची ओळख सांगणारा आयएमईआय नंबर लागतो आणि फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून तो बघायला फोन हवा ना. माळ्यावर खोकं सापडलं. आत बिल होतं माझ्या नावाचं, आणि गेल्या तीन-चार वर्षांच्या राख्या. चिनूच्या. एक अजून बांधायच्या अवस्थेतली, पाकिटासकट.

ठाणे अंमलदार चांगले होते. त्यांनी पहिलं विचारलं, “चोरी की गहाळ?” मी ताठ बसून म्हटलं, चोरी. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, शाळेत गेला ना? म्हणजे घेणारं पोरगंच असणार. एवढ्यासाठी पोरावर एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते, त्याच्या आईबापाला बोलावतो, घरची सगळी माहिती काढून बाल न्याय मंडळाला कळवतो. पाहिजे का तुम्हाला ते?” मी चिनूकडे बघितलं. तो भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होता. “गहाळ लिहा,” मी म्हटलं. तेरा वर्षांचं कोणाचं तरी पोरगं तिथे त्याच बाकड्यावर आईशेजारी बसलेलं डोळ्यापुढे आलं म्हणून, की दाखला लवकर मिळतो म्हणून, सांगता येत नाही. दोन्ही.

नंबर लिहून घ्यायचा कार्यक्रम तर बघण्यासारखा झाला. पंधरा आकडे, आणि दोन सिमचा फोन म्हणून असे दोन नंबर. अंमलदारसाहेब दोन-दोन आकडे जोडीने घेणारे. चिनू खोक्यावरून इंग्रजीत वाचतोय, ते मराठीत म्हणून खात्री करतायत.

“एकोणसाठ?”

“म्हणजे फिफ्टी नाइन का सिक्स्टी नाइन?”

“एकोणसाठ म्हणजे एकोणसाठ!”

चिनू माझ्याकडे वळला. मी म्हटलं, फिफ्टी नाइन. पुढे एकोणऐंशी आले तेव्हा माझीच दोन सेकंद गेली. साहेब म्हणाले, “फोन सापडेल न सापडेल मॅडम, पोराला पाढे करायला लावा.” चिनू हसला. चार दिवसांत पहिल्यांदा, म्हणजे मी बघितलं तसं पहिल्यांदा. आधी आजीजवळ हसला असेल तर माहीत नाही.

आता सरकारच्या संचार साथीच्या साइटवर जाऊन फोन ब्लॉक करायचा. दाखला, बिल, माझं ओळखपत्र, दोन्ही नंबर, सगळं जमवून संध्याकाळी ऐटीत बसले तर ओटीपी लागतो, आणि तो त्याच गेलेल्या नंबरवर. तरी दुपारीच जाऊन डुप्लिकेट सिम आणलं होतं, सिम माझ्याच नावावर. पण नव्या सिमवर पहिले चोवीस तास मेसेज येत नाहीत, ही सुरक्षेची सोय. चोराला आजची रात्र मोकळी आहे. घ्या बाबा.

त्या फोनमध्ये बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, मागच्या गणपतीतला व्हिडिओ होता. घालीन लोटांगण म्हणताना मध्येच श्वास लागून थांबतात आणि चिनू पुढची ओळ उचलतो. त्यानेच काढलेला, एका हाताने टाळी वाजवता येत नाही म्हणून फोन हलतो. दुसरीकडे कुठे ठेवला होता का, बघायचंय. सासूबाईंनी त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मीही विचारलं नाही.

जेवताना मी चिनूला म्हटलं, यापुढे काहीही झालं तरी आधी मला सांगायचं. मी ओरडणार नाही. त्याने चपातीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, “थोडी ओरडशील.” बरं, थोडी ओरडेन. “मग चालेल.” एवढ्यावर व्यवहार ठरला. वाईट नाही. यापेक्षा वरचढ वचन मी दिलं असतं तर त्यानेही विश्वास ठेवला नसता आणि मीही.

मघाशी साडेदहाला नाशिकहून मंदारचा फोन. इकडचं तिकडचं झालं, शनिवारची गाडी, गॅसचं बुकिंग. मग म्हणाला, “अगं, चिनूचा फोन दोन दिवस लागत नाहीये. काय झालंय?”

सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. मग डोळ्यापुढे आलं ते पुढचं सगळं, शाळेत फोन कशाला द्यायचा, मी आधीच म्हणत होतो, आणि तो चोरकप्पा. तोही त्याला माहीत नाही.

“बॅटरीचं काहीतरी झालंय,” मी म्हटलं. “रविवारी बदलून आणू.”

हॉलमध्ये सासूबाईंना खोकला आला. बराच वेळ थांबला नाही.