ट्रकवर टाकून का नाही आणली?

बोट घेतल्यापासून हा प्रश्न मला धक्क्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि जे स्वतः बोट घ्यायच्या विचारात आहेत ते मुद्दाम फोन करून विचारतात. बोट घेतलीत पणजीला, घर रेवदंड्याला. ट्रकवर चढवली असती तर दोन दिवसांत दारात आली असती, मग समुद्रातून आणायचा खटाटोप कशाला? आणि आणलीतच, तर आखणी कशी केलीत? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं नीट सांगतो.

रस्त्याचा विचार केला नव्हता असं नाही. बोट अठ्ठावीस फुटी, फायबरची, पुढे छोटी केबिन, एकच डिझेल इंजिन. रुंदी २.९ मीटर. रस्त्यावरच्या गाडीला नियमानं २.६ मीटरपर्यंतच रुंदी चालते, म्हणजे खास परवानगी आली. दोन्ही टोकांना क्रेन आली. तरी तेही जमलं असतं. नको म्हटलं ते वेगळ्याच कारणानं. ही बोट नऊ वर्षं दुसऱ्याच्या हातात होती, मला ती परकी होती. ट्रकवरून उतरवून थेट आमच्या खाडीत टाकली असती, तर तिची पहिली खोड मला कळली असती ती घरची मुलं आणि पाहुणे बसलेले असताना, कोर्लईच्या टोकाबाहेर. ती खोड आधी कळावी, आणि कळेल तेव्हा बोटीवर फक्त कामाची माणसं असावीत, एवढंच मला हवं होतं. पणजी ते रेवदंडा सुमारे २०० समुद्री मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. एवढ्या वाटेत बोट काही लपवू शकत नाही.

माणसं तीन. मी, डिझेल इंजिनांची कामं करणारा माझा मेव्हणा, आणि आमच्या गावचे तांडेल काका, ज्यांची चाळीस वर्षं मासेमारीत गेली.

नवीन माणूस आखणीला बसला की आधी नकाशा उघडतो. माझी आखणी डिझेलपासून सुरू झाली. विकणाऱ्यांनी सांगितलं होतं, तासाला पंधरा लिटर. ते खोटं बोलत नव्हते, पण ते बोट मांडवी नदीत सावकाश फिरवत असत. आम्ही टाकी गळ्यापर्यंत भरली, आग्वादच्या बाहेर मोकळ्या पाण्यात गेलो, १३ नॉटचा, म्हणजे तासाला १३ समुद्री मैलांचा वेग धरून बरोबर दोन तास चालवली, आणि परत येऊन पुन्हा गळ्यापर्यंत भरली. ४६ लिटर बसलं. तासाला २३, मैलाला पावणेदोन लिटरच्या वर. म्हणजे सगळ्या वाटेला साडेतीनशे लिटर, आणि टाकी ३०० ची. पंधराचा आकडा धरून निघालो असतो तर हर्णैच्या थोडं पुढे टाकी कोरडी पडली असती.

त्यात टाकीतलं सगळं डिझेल आपलं नसतं. दोन तृतीयांश वापरायचं, एक तृतीयांश शिल्लक ठेवायचं; समोरून लाट लागली की खर्च कुठल्या कुठे जातो. म्हणजे एका भरण्यात २०० लिटर हाताशी. पणजीपासून रत्नागिरी शंभर मैलांच्या आत, पावणेदोनशे लिटर. रत्नागिरीपासून रेवदंडा जवळजवळ तेवढंच. हे गणित सुटलं त्या रात्री मला शांत झोप लागली, कारण रत्नागिरी मध्यावर आहे आणि तिथं मिरकरवाड्याचं मोठं मच्छीमार बंदर आहे. पण बंदर आहे म्हणजे आपल्याला तिथं डिझेल मिळेलच असं नाही. बंदरावरचे पंप सोसायट्यांचे, मच्छीमारांसाठी. म्हणून गोव्याला जाताना आम्ही दोघं गाडीनं सगळी बंदरं बघत गेलो. रस्त्यावरचा पंप कुठला, कॅन वाहायला टेम्पो कोण देईल, रात्री बोटीवर लक्ष कोण ठेवेल, हे फोन नंबरांसकट वहीत लिहून घेतलं. त्या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा मोबाईलवरच्या नकाशाचा झाला नाही.

कोकण किनाऱ्याचं एक बरं आहे, पंधरा-वीस मैलांवर कुठली ना कुठली खाडी येतेच. मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै, दिघी. पण खाडी दिसली म्हणजे आसरा मिळाला असं समजू नये. सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला, वाळू साचलेली असते आणि ओहोटीला तिच्यावर लाट फुटते. ओळख नसलेल्यानं तिथं शिरू नये. उलट विजयदुर्गात वाघोटनच्या मुखातून आत वळलं की पाणी खोल आणि निवांत. मराठ्यांचं आरमार तिथं का राहिलं, ते आत गेल्यावर पाचव्या मिनिटाला समजतं. प्रत्येक टप्प्यासाठी आम्ही दोन बंदरं ठरवली, एक मुक्कामाचं आणि एक मध्येच घुसायचं.

आता वारा. डिसेंबर मुद्दाम निवडला. पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. दुपार झाली की वायव्येचा वारा उठतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्याच्या थेट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर येतो. मार्चनंतर तो आणखी जोर धरतो. म्हणून नियम केला: उजाडताना सुटायचं, अकराच्या आत बांधायचं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी बघायचा, सव्वा मीटरच्या वर लाट असेल तर दोर सोडायचाच नाही. रात्री चालायचं नाही, कारण जाळी. अंधारात बोया दिसत नाही आणि पंख्यात जाळं गेलं की तुमची बोट अडकते आणि एखाद्याचं वर्षाचं भांडवल फाटतं.

भरतीचं गणित मात्र तांडेल काकांचं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यांनी निघायला अष्टमी सांगितली. एक तर भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, पाण्याला ओढ कमी. दुसरं, मांडवीच्या मुखावरच्या वाळूवर पहाटे भरपूर पाणी. आणि तिसरं मला त्यांनी बोटं मोजून दाखवलं तेव्हा कळलं: भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, तर चार ते सहा दिवसांनी, द्वादशी ते चतुर्दशीला, रेवदंड्याला ती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येईल, म्हणजे आम्ही हर्णैहून पोचू त्याच वेळी. रेवदंड्याच्या कुंडलिका नदीचं मुखही उथळ आहे, तिथंही पाणी लागतंच. गोव्यात हा हिशेब थोडा हलतो म्हणून छापील कोष्टकही पाहिलं, पण दोन्ही टोकं एका तिथीनं अशी जुळवणारं काही मला कोष्टकात दिसलं नसतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडचा ना-हरकत दाखला, इकडे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणी, आणि विम्यात हा प्रवास स्पष्ट लिहून घेतलेला. २००८ च्या हल्ल्यानंतर अनोळखी बोट बंदरात शिरली की पोलीस येतात, आणि यायलाच हवेत. तीन ठिकाणी आमचे कागद पाहिले गेले. ओळखपत्रं आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, हाताशी. बिनतारी संच १६ नंबरच्या चॅनलवर. घरी बहिणीकडे रोजचा मार्ग आणि पोचायची वेळ लिहून दिलेली. वेळ टळून दोन तास झाले आणि आमचा फोन नाही, तर तिनं तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करायचा. हे शेवटचं फुकटात होतं, ते कुणीही टाळू नये.

अष्टमीला निघालो. वेंगुर्ल्याचे खडक आणि किनारा यांच्यामधून जवळची वाट आहे, आम्ही तीन-चार मैल वाढवून बाहेरून गेलो. दहाच्या सुमारास सिंधुदुर्ग दिसला. मालवण बंदरात नवख्यानं आपलं आपण शिरू नये. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला तो ज्या खडकांच्या भरवशावर, ते खडक आजही पाण्याखाली तसेच आहेत आणि मित्र-शत्रू ओळखत नाहीत. ठरल्याप्रमाणे एक मालवणी गृहस्थ होडी घेऊन बाहेर आले, त्यांच्या मागोमाग आत गेलो. दुसऱ्या दिवशी रत्नागिरी, संध्याकाळी टेम्पोनं कॅन आणून टाकी पुन्हा गळ्यापर्यंत.

तिसऱ्या दिवशी मतलई आलाच नाही. आठालाच वायव्येकडून वारा सुरू झाला, जयगडचं दीपगृह समोर दिसत होतं, दोन-अडीच मैल राहिले असतील. बोट लाटेवर आपटत होती म्हणून वेग कमी केला होता. तांडेल काका एकदम म्हणाले, "आयक जरा, मशीन बोलतंय." मला काही वेगळं ऐकू येईना. मिनिटभरात इंजिनाचे फेरे उतरायला लागले, चढले, पुन्हा उतरले, आणि इंजिन बंद पडलं.

बोट बंद पडली की आधी आवाज जातो आणि मग ती लाटेला आडवी होते. वारा आम्हाला किनाऱ्याकडे ढकलत होता. काकांनी कुणाला न विचारता नांगर सोडला. खाली दहा-अकरा वाव, म्हणजे वीसएक मीटर पाणी होतं, पंधरा मीटर साखळी आणि ऐंशी मीटर दोर आम्ही याचसाठी घेतला होता, तो जवळजवळ सगळा गेला. नांगर धरला, बोटीनं नाळ वाऱ्याकडे केली आणि डोलणं निम्म्यावर आलं. तिथून पुढे घाई उरली नाही. चॅनलवर आमची जागा सांगून ठेवली.

मेव्हण्यानं इंजिनाचं झाकण उघडलं. डिझेल गाळणाऱ्या फिल्टरखाली पारदर्शक वाटी असते. सकाळी ती चहाच्या रंगाची स्वच्छ होती. आता खाली बोटभर पाणी, आणि वर काळा, शेवाळासारखा चिकट गाळ. नऊ वर्षांचा साका टाकीच्या तळाशी शांत पडून होता. नदीत तो कधी हललाच नव्हता. आमच्या दोन तासांच्या चाचणीतही हलला नाही, कारण त्या दिवशी आग्वादला समुद्र सपाट होता. इथं लाटेनं टाकी घुसळली आणि सगळा साका फिल्टरात आला. मेव्हण्यानं वाटी रिकामी केली, फिल्टर बदलला, हातपंप मारून नळीतली हवा काढली. त्याचे हात कोपरापर्यंत डिझेलनं माखले होते आणि मी बादली धरून होतो. पंचवीस मिनिटांनी इंजिन लागलं. बरोबर फिल्टर सहा होते. जयगडच्या खाडीत शिरेपर्यंत दुसराही भरला.

एकादशीचा अख्खा दिवस टाकीत गेला. डिझेल पिंपांत काढलं, तपासणीचं झाकण उघडून तळ पुसला, डिझेल कापडातून गाळून परत भरलं. पंधरा लिटर टाकून देण्याच्या लायकीचं निघालं. राखीव ठेवलेल्या दोन दिवसांतला एक इथं लागला, आणि तो लागणार हे आखणीतच होतं म्हणून कुणाची चिडचिड झाली नाही. म्हणून जे मला विचारतात त्यांना मी सांगतो, जुनी बोट घेतलीत तर निघण्याआधी टाकी उघडून तळ बघा. तपासणीचं झाकण नसेल तर पाडून घ्या. मी ते पणजीलाच करायला हवं होतं. आणि बोट तुम्हाला मार्चनंतर मिळणार असेल, किंवा बरोबर इंजिनातलं कळणारा माणूस नसेल, तर खुशाल ट्रक बघा. त्यात कमीपणा काही नाही.

द्वादशीला हर्णै, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला. त्रयोदशीला उजाडताच सुटलो. हर्णैपासून पुढे डोलीची जाळी फार, एक जण सतत नाळेवर उभा. जंजिरा उजवीकडे टाकला, साडेदहाच्या सुमारास कोर्लईचं टोक आलं. काकांच्या हिशेबानं पावणेदहाला भरती पूर्ण झाली होती, पाणी नुकतंच फिरत होतं. मुखावर ते स्वतः सुकाणूला उभे राहिले. आम्हाला कुठं लाट फुटलेली दिसली नाही.

बोट बांधल्यावर मी टाकीत मोजपट्टी घातली. रत्नागिरीला भरलेले ३००, त्यातून जयगडला टाकलेले पंधरा आणि मैलांच्या हिशेबानं जळायला हवेत ते १७७ वजा करून १०८ लिटर उरायला हवं होतं. उरलं होतं ९६. बारा लिटर जयगडच्या अलीकडच्या त्या लाटेनं खाल्लं. आकडा वहीत लिहिला, तारखेच्या शेजारी तिथी लिहिली, आणि बोट गोड्या पाण्यानं धुवायला घेतली.